आज्ञावलीची ‘फेरफार नोंदवही’ कशी निवडावी?

प्रतिनिधी

जमिनीच्या व्यवहारात सातबारा उतारा जितका महत्त्वाचा, तितकीच फेरफार नोंदवहीही महत्त्वाची असते. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. ती तशी कशी झाली, कोणत्या खरेदीखताने वा वारसनोंदीने कोणाचे नाव चढले आणि कोणाचे कमी झाले, याचा उलगडा फेरफारातून होतो. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटालाही अशाच नोंदवहीची गरज असते. संगणकाच्या परिभाषेत तिला व्हर्जन कंट्रोल सिस्टिम, अर्थात आवृत्ती नियंत्रण प्रणाली, असे म्हणतात. गिट, सबव्हर्जन, मर्क्युरियल, परफोर्स ही त्यातील परिचित नावे.

पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्यांना ही नावे नवी नाहीत. तरीही नवा गट उभा राहतो तेव्हा प्रणालीची निवड अनेकदा घाईत होते. कोणाला तरी आधीच्या नोकरीत जे वापरण्याची सवय असते तेच पुढे चालू राहते, किंवा सर्वांकडे आहे म्हणून आपल्याकडेही आणले जाते. आज्ञावलीचे आयुष्य मात्र अनेकदा दहा-पंधरा वर्षांचे असते. एवढा काळ गटाची स्मृती जिच्या स्वाधीन करायची, त्या प्रणालीची निवड विचारपूर्वक व्हायला हवी.

नोंदवहीचे काम काय?

समजा, एखाद्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याजाची आकारणी करणारा भाग दोन वर्षांपूर्वी बदलला गेला आणि आज हिशेबात चूक आढळली. तो बदल करणारा अभियंता नोकरी सोडून गेला आहे. नोंदवही नीट ठेवलेली असेल तर कोणत्या दिवशी, कोणत्या ओळी, कोणी आणि कोणत्या कारणासाठी बदलल्या हे काही मिनिटांत समजते आणि तो बदल मागेही घेता येतो. अशा प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. सर्व नोंदी ज्या भांडारात राहतात त्याला रिपॉझिटरी असे नाव आहे.

दुसरे काम समन्वयाचे. दहा जण एकाच आज्ञावलीवर एकाच वेळी काम करतात तेव्हा एकाचा बदल दुसऱ्याच्या प्रतीखाली गाडला जाण्याचा धोका असतो. प्रणाली दोन्ही बदल पडताळून त्यांचा मेळ घालते. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर तिढा सोडविण्याचे काम ती माणसावर सोपवते. मूळ आज्ञावलीला धक्का न लावता नवा प्रयोग करायचा असल्यास ब्रँच, म्हणजे शाखा, काढता येते. प्रयोग यशस्वी झाला की ती मूळ प्रवाहात विलीन करता येते.

कुलुपापासून शाखेपर्यंत

या प्रणालींचा इतिहास अर्धशतकाहून जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही प्रणाली विकसित करण्यास आरंभ केला. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची आरसीएस ही प्रणाली आली. या दोन्हींची पद्धत कुलुपाची होती. एकाने फाइल दुरुस्तीसाठी घेतली की ती इतरांना बंद होई. कुलूप न काढता तो रजेवर गेला की इतरांची पंचाईत.

नेदरलँड्समधील डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या सीव्हीएस प्रणालीने हे कुलूप काढले आणि अनेकांना एकाच वेळी काम करण्याची मुभा दिली. परंतु तिच्यातही उणिवा होत्या. एका बदलात दहा फाइली असतील आणि मध्येच संपर्क तुटला, तर पाच फाइली नव्या आणि पाच जुन्या अशी अवस्था होई. फाइलीचे नाव बदलले की तिचा पूर्वेतिहास तुटे. या उणिवा दूर करण्यासाठी कोलॅबनेट या कंपनीने २००० मध्ये सबव्हर्जनचे काम हाती घेतले. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. संपूर्ण बदल एकत्र नोंदला जाईल किंवा अजिबात नोंदला जाणार नाही, हा तिचा नियम होता.

लिनक्सला मिळालेला धडा

प्रणाली निवडताना काय पणाला लागते, हे लिनक्सच्या अनुभवातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या मुक्त स्रोत प्रकल्पात प्रारंभीची अनेक वर्षे कोणतीही आवृत्ती नियंत्रण प्रणाली नव्हती. जगभरातील प्रोग्रामर आपले बदल ई-मेलने पाठवीत आणि टोरवाल्ड्स ते मूळ आज्ञावलीत समाविष्ट करीत. काम वाढत गेले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. २००२ मध्ये त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची बिटकीपर ही प्रणाली स्वीकारली.

बिटकीपर तांत्रिकदृष्ट्या सरस होती. ती व्यापारी होती, तरी मुक्त स्रोत प्रकल्पांना विनामूल्य दिली जात असे. अट अशी की, विनामूल्य वापर करणाऱ्याने तिच्याशी स्पर्धा करणारी प्रणाली विकसित करू नये. मुक्त आज्ञावलीचा सर्वांत मोठा प्रकल्प बंदिस्त प्रणालीवर विसंबतो, यावर रिचर्ड स्टॉलमन यांच्यासह अनेकांनी टीका केली. परंतु काम वेगाने होत असल्याने ती मागे पडली.

२००५ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी संवाद साधू शकेल असे मुक्त साधन लिहिण्याचा प्रयत्न केला. कंपनीने त्यास आक्षेप घेतला आणि विनामूल्य आवृत्ती मागे घेतली. हजारो लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या प्रकल्पाची नोंदवही अशा रीतीने हातातून गेली. उपलब्ध मुक्त प्रणालींपैकी एकही टोरवाल्ड्स यांना पुरेशी वेगवान वाटली नाही. त्यांनी एप्रिल २००५ च्या प्रारंभी स्वतःची प्रणाली लिहावयास घेतली आणि काही दिवसांतच तिचा स्वतःचा कोड तिच्यातच ठेवला जाऊ लागला. ती प्रणाली म्हणजे गिट. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या साह्याने प्रसिद्ध झाली आणि जुलैमध्ये गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. याच घडामोडीतून मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल ही दुसरी प्रणालीही घडविली.

गोष्टीचा शेवट सुखद असला तरी त्याची किंमत मोजावी लागली. टोरवाल्ड्स यांच्या लिनक्स भांडारातील पहिली नोंद १६ एप्रिल २००५ ची आहे. त्यापूर्वीचा सुमारे १४ वर्षांचा इतिहास त्यात नाही. तो आणल्यास भांडाराचा आकार फार वाढेल, या कारणाने त्या वेळी तो बाहेर ठेवण्यात आला. पुढे इतरांनी जुन्या नोंदी जमवून स्वतंत्र भांडारे तयार केली. बिटकीपर स्वतः २०१६ मध्ये मुक्त स्रोत झाली. तोवर जग पुढे निघून गेले होते.

या प्रकरणात प्रणालीच्या गुणवत्तेत खोट नव्हती. खोट होती ती अटींमध्ये. आपल्या नोंदी कोणाच्या मर्जीवर आहेत आणि त्या घेऊन आपल्याला बाहेर पडता येईल का, हा प्रश्न निवडीच्या वेळीच विचारायचा असतो.

केंद्रीय की विकेंद्रित?

आज उपलब्ध असलेल्या प्रणालींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. सबव्हर्जन आणि परफोर्स या केंद्रीय प्रणाली होत. संपूर्ण इतिहास एका सर्व्हरवर राहतो आणि प्रत्येकाच्या संगणकावर केवळ कामापुरती प्रत येते. गिट आणि मर्क्युरियल या विकेंद्रित प्रणालींमध्ये प्रत्येकाकडे सर्वसाधारणपणे इतिहासासह संपूर्ण भांडार असते.

विकेंद्रित पद्धतीचे लाभ मोठे आहेत. प्रवासात नेटवर्क नसतानाही नोंदी करता येतात आणि जुना इतिहास पाहता येतो. शाखा काढणे क्षणाचे काम असते. सर्व्हर बंद पडला तरी अनेकांच्या संगणकांवर इतिहास शिल्लक असतो.

तथापि, केंद्रीय पद्धत कालबाह्य ठरली असे समजण्याचे कारण नाही. सबव्हर्जनमध्ये नोंदींना एक, दोन, तीन असे सलग क्रमांक मिळतात. गिटमध्ये नेहमीच्या पद्धतीत अंक आणि अक्षरांची ४० चिन्हांची ओळख असते. सबव्हर्जनमध्ये एकाच भांडारातील एखादा विभाग काही जणांनाच दिसेल अशी व्यवस्था करता येते. गिटमध्ये भांडार वाचण्याची परवानगी ज्याला मिळाली त्याला ते सर्वच मिळते. गुप्तता हवी असल्यास भांडारेच वेगळी करावी लागतात. बाहेरच्या कंत्राटदारांना कामाचा थोडाच भाग दाखवायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय गिट शिकण्यास अवघड आहे. तिच्यात आधीच्या नोंदी नव्याने लिहिता येतात आणि अननुभवी हातून सहकाऱ्यांचे काम दिसेनासे होऊ शकते. मुख्य शाखेवर असे पुनर्लेखन करण्यास बंदी घालण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

गिटच्या बाजूने आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के गिट वापरत होते. नव्याने रुजू होणाऱ्याला वेगळे प्रशिक्षण द्यावे लागत नाही, अडचण आल्यास मदत सहज मिळते आणि बहुतेक सहायक साधने गिटला अनुरूप असतात. लोकप्रियता हा निवडीचा एकमेव निकष नसावा, पण तो निरर्थकही नाही.

फाइली कोणत्या प्रकारच्या?

आज्ञावली ही मजकुराच्या ओळींची बनलेली असल्याने दोन प्रतींतील फरक ओळीगणिक दाखवता येतो. चित्रे, ध्वनिफिती, त्रिमितीय आकृत्या यांबाबत हे शक्य नसते. दोन कलाकारांनी एकाच चित्रात वेगवेगळे बदल केले तर त्यांचा मेळ प्रणाली घालू शकत नाही. एकाचे काम वाया जाते. इथे जुनी कुलुपाची पद्धतच उपयोगी पडते. व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या अनेक कंपन्या परफोर्सला पसंती देतात, त्याचे हे प्रमुख कारण. जड फाइलींच्या प्रत्येक आवृत्तीचे ओझे प्रत्येकाच्या संगणकावर न लादता ती सर्व्हरवर ठेवली जाते, हा दुसरा लाभ.

गिटमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये गिट एलएफएस ही जोड उपलब्ध झाली. तिच्या योगाने मोठी फाइल वेगळ्या जागी राहते, भांडारात केवळ तिचा निर्देश असतो आणि फाइलीला कुलूपही लावता येते. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल थेट भांडारात टाकता येत नाही. ज्या गटाच्या कामात अशा फाइली तुरळक आहेत त्याला ही जोड पुरेशी ठरते. जिथे कामाचा मोठा भागच अशा फाइलींचा आहे तिथे केंद्रीय प्रणालीचा विचार प्रथम करावा.

थोरांचे अनुकरण किती करावे?

मोठ्या कंपन्यांची उदाहरणे चर्चेत नेहमी दिली जातात. गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, जानेवारी २०१५ मध्ये कंपनीच्या एकाच भांडारात सुमारे १०० कोटी फाइली, साडेतीन कोटी नोंदी आणि ८६ टेराबाइट माहिती होती. त्यासाठी गुगलने पायपर ही स्वतःची केंद्रीय प्रणाली घडविली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचे काम गिटवर आणले. त्या भांडारात सुमारे ३५ लाख फाइली होत्या, आकार ३०० जीबी होता आणि त्यावर सुमारे चार हजार अभियंते काम करीत होते. गिट मूळ रूपात हा भार पेलू शकत नव्हती. प्रत उतरवण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागे. अखेरीस, गरज पडेल तेव्हाच फाइल आणणारी वेगळी यंत्रणा मायक्रोसॉफ्टला उभारावी लागली.

दुसऱ्या टोकाला एसक्यूलाइट या डेटाबेसचे उदाहरण आहे. मोबाइल फोनमध्ये सर्रास आढळणाऱ्या या सॉफ्टवेअरचा गट मोजक्या माणसांचा आहे. त्याचे जनक रिचर्ड हिप यांनी फॉसिल ही छोटी प्रणाली स्वतः लिहिली आणि २००९ मध्ये प्रकल्प तिच्यावर नेला. नोंदी, दोषांची यादी आणि माहितीची पाने हे सर्व तिच्यात एकाच फाइलीत राहते. गुगलची गरज आणि एसक्यूलाइटची गरज यांत साम्य नाही. दोघांचे निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत. वीस जणांच्या गटाने गुगलचे अनुकरण करण्याचे प्रयोजन नाही.

प्रणाली वेगळी, जागा वेगळी

गिट आणि गिटहब यांची गल्लत अनेकदा केली जाते. गिट ही प्रणाली आहे. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब ही ती प्रणाली वापरणाऱ्यांना भांडारासाठी जागा देणारी सेवा. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना तिच्या खरेदीचा करार जाहीर केला. गिटलॅब, बिटबकेट या अशाच अन्य सेवा. घर बांधणे वेगळे आणि भाड्याने जागा घेणे वेगळे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

भाड्याची जागा केव्हाही सोडावी लागू शकते. गुगल कोड ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. बिटबकेटचा आरंभ मर्क्युरियलसाठी झाला होता. २०२० मध्ये तिने मर्क्युरियललाच निरोप दिला. अशा वेळी भांडार हलविणे तुलनेने सोपे असते. दोषांच्या नोंदी, बदलांवर झालेल्या चर्चा आणि मंजुरी या गोष्टी मात्र सेवेच्या स्वतःच्या साठ्यात असतात. निर्णय कोणत्या कारणाने झाला, हे बहुधा त्याच चर्चांमध्ये दडलेले असते. त्यामुळे नोंदीचे कारण कमिटच्या मजकुरातच लिहिण्याची शिस्त गटाने ठेवावी.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

विकेंद्रित प्रणालीत प्रत्येकाकडे प्रत असते म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज नाही, हा समज घातक आहे. मार्च २०१३ मध्ये केडीई या मुक्त स्रोत प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरील साठा बिघडला. त्याच्या प्रती ठेवणारे अन्य सर्व्हर मुख्य सर्व्हरचे निमूटपणे अनुकरण करीत होते. त्यांनी बिघाडाचेही अनुकरण केले. सुमारे १५०० भांडारे धोक्यात आली. एका सर्व्हरवर सुदैवाने अखंड प्रत उरली होती, म्हणून प्रकल्प वाचला.

कोड स्पेसेस या कंपनीला तसे दैव लाभले नाही. ग्राहकांची गिट आणि सबव्हर्जन भांडारे सांभाळणे हाच तिचा व्यवसाय होता. जून २०१४ मध्ये एका हल्लेखोराने तिच्या क्लाउड खात्याचा ताबा मिळवून पैशांची मागणी केली आणि कंपनीने प्रतिकार करताच साठा पुसण्यास सुरुवात केली. बॅकअपही त्याच खात्यात होते. कंपनीला व्यवसाय बंद करावा लागला. एक प्रत तरी वेगळ्या खात्यात, वेगळ्या किल्लीखाली असावी, एवढाच याचा अर्थ.

नोंदवहीचा चिवटपणा कधी कधी अंगाशीही येतो. पासवर्ड चुकून नोंदला गेला आणि दुसऱ्या दिवशी काढला, तरी तो इतिहासात राहतो. उबर कंपनीच्या खासगी भांडारात शिरलेल्यांना २०१६ मध्ये तेथे क्लाउड सेवेच्या किल्ल्या सापडल्या आणि ५.७ कोटी प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. अशी किल्ली नोंदली गेल्यास ती पुसण्याआधी बदलावी.

स्थलांतराची किंमत

निवड चुकली तर प्रणाली बदलता येते, परंतु ते काम खर्चिक असते. पायथन भाषेचा प्रकल्प २०११ मध्ये सबव्हर्जनवरून मर्क्युरियलवर गेला आणि २०१७ मध्ये गिटवर. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिलाने २००७ मध्ये सीव्हीएस सोडून मर्क्युरियल घेतली. त्या वेळी जुना इतिहास नव्या भांडारात आणला गेला नाही. २०२३ मध्ये तिने गिटकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२५ मध्ये तो अमलात आणला. दोन्ही प्रकल्पांनी मर्क्युरियल सदोष म्हणून सोडली असे नाही. नवे सहभागी गिट शिकून येऊ लागले होते आणि दोन प्रणालींचा भार वाहणे परवडत नव्हते.

निवडीपूर्वीचे प्रश्न

वरील अनुभवांचे सार काढून गटाने पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे तयार करावीत.

* कामात मजकुराच्या फाइली अधिक की चित्रे, ध्वनी, आकृत्यांच्या जड फाइली अधिक?
* एकाच भांडारातील काही भाग काही जणांपासून गुप्त ठेवायचा आहे का?
* गटातील किती जणांना कोणती प्रणाली येते आणि इतरांना शिकविण्याची जबाबदारी कोण घेणार?
* सर्व्हर स्वतःचा असेल तर तो सांभाळणार कोण? भाड्याचा असेल तर तो बंद झाल्यास पर्याय कोणता?
* बॅकअप वेगळ्या खात्यात आहे का आणि त्यावरून भांडार पुन्हा उभे करून पाहिले आहे का?
* संपूर्ण इतिहास, नावे व तारखांसह, दुसऱ्या प्रणालीत नेता येईल का?

केवळ आज्ञावली लिहिणाऱ्या बहुतांश लहान गटांसाठी या प्रश्नांचे उत्तर गिट असेच येईल आणि त्यात वावगे काही नाही. जड फाइलींचे काम असेल किंवा विभागवार गुप्तता हवी असेल तर परफोर्स वा सबव्हर्जन अधिक सोयीची ठरेल. सबव्हर्जनवर सुरळीत चाललेल्या गटाने केवळ प्रघात म्हणून ती सोडण्याची आवश्यकता नाही.

अंतिम निर्णयापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. निवडलेल्या प्रणालीत महिनाभराचे काम नोंदवावे आणि मग ते सर्व, एकही नोंद न गमावता, दुसऱ्या जागी उतरवून दाखवावे. ज्या प्रणालीतून हे साधते तिच्यावर विश्वास टाकण्यास हरकत नाही. सातबारा कोणीही दाखवील. वाद उद्भवतो तेव्हा विचारणा होते ती फेरफाराची.